लपायला जागा नसलेलं रान

तोड झाली की आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं. एरवी मागच्या दाराशी ऊस उभा असतो आणि ओट्यापाशी भर दुपारीही दिवा लावावा लागतो. यंदाची टोळी आली, कोयत्यांचा आवाज झाला, गाड्या भरभरून कारखान्याकडे गेल्या, आणि आज सकाळी दार उघडलं तर थेट डोंगरापर्यंत दिसलं. डब्यांवर ऊन पडलं होतं. मी चहाचं आधण ठेवलं आणि तशीच दारात उभी राहिले. चहा उतू गेला.

उघडं रान बघितलं की मला आता डोंगर दिसत नाही. वाळू दिसते.

हे कुणाला सांगायची सोय नाही. बायका पाचटातून वाढं गोळा करतात, गुरांना नुसती चंगळ असते, पोरं राहिलेली कांडी शोधत सऱ्यांमधून पळतात. सगळ्यांचा आनंदाचा हंगाम. त्यात मी वाळू दिसते म्हणाले तर हसतील. मग मी लिहिते. बोलताना मला शब्द सापडत नाहीत, लिहिताना निदान ते माझी वाट बघत थांबतात.

माझं माहेर लोणी. आंबेगावच्या पूर्वेला, तेव्हा सगळा माळ. बाजरी, मटकी, आणि मधे कुठं तरी एखादी बाभळ. अंगणात उभं राहिलं की आजीला भेटायला कोण येतंय ते अर्धा तास आधी कळायचं, तोवर चहा करून व्हायचा. लग्न होऊन राजुरीच्या पुढे या गावात आले ते कालव्याच्या पाण्यावर. सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, बारमाही हिरवं. हिरवंच होतं. पण पहिल्या वर्षी मला सारखं वाटायचं, आपल्याला कुणी तरी डब्यात घालून झाकण लावलंय.

ते झाकण शोभानं काढलं. शोभा माझी धाकटी जाऊ. माझ्यानंतर चार वर्षांनी आली आणि घरात रेडिओ लावल्यासारखी बोलत सुटली. मला आक्का म्हणायची. सासूबाईंच्या समोर, दिरांच्या समोर, पाहुण्यांच्या समोर माझ्या वाटचं बोलून टाकायची. "आक्काला लाडू न्हाई आवडत, पावणं, तिला आग्रव नका करू, ती तुमाला नाय म्हणायची न्हाई आणि रातभर पोट धरून बसंल." मी पदराआड हसायचे. मला लेकरू झालं नाही. तिला ईश्वरी झाली तेव्हा तिनं पोर माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "ही घ्या तुमची. मला पाजायपुरती द्या." ईशू मला मोठी आई म्हणते ते शोभानंच शिकवलं.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तो नवीन नाही. कुत्री जातात, शेळ्या जातात. उसात त्याची पिल्लं होतात, तोडीच्या वेळी टोळीला सापडतात, मांजराएवढी. पण माणूस नेईल असं आम्ही धरून चाललो नव्हतो.

त्या दिवशी शोभा बांधावर वाकून घास कापत होती. मी दहा पावलांवर भारा बांधत होते. ती मला तिच्या माहेरच्या लग्नातलं काही तरी सांगत होती, नवरीनं कुणाचा हार कुणाच्या गळ्यात घातला असं, आणि हसत होती. मग हसणं थांबलं. मी मान वर केली तर बांधावर विळा होता आणि ऊस हलत होता. एवढंच. ओरडायलाही मला उशिरा सुचलं. माणसं आली, काठ्या आल्या, ऊस हलायचा थांबला होता.

त्याच्यावर मी अजून लिहू शकत नाही.

मग पिंजरा लागला. आत बकरी बांधली, ती रात्रंदिवस ओरडायची. वनखात्याच्या माणसानं आम्हाला बसवून सांगितलं, "मावशी, रानात वाकू नका. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. एकटं जायचं न्हाई. सारखं बोलत ऱ्हायाचं, न्हाई तर मोबाईलवर गाणी लावा, डबा वाजवा." मग गळ्यातले पट्टे आले. पूर्वी मेंढरांच्या कुत्र्यांना घालायचे तसे, बाहेरच्या अंगाला खिळ्यांची टोकं असलेले. गावातल्या कितीतरी जणांनी करून घेतले. भाकरी घेऊन शेतावर जाताना माणसं गळ्यात खिळे घालून जायला लागली आणि कुणालाही त्याचं हसू येईना.

बाकीची हळूहळू कामाला लागली. मला ते जमलं नाही. वाकायचं म्हटलं की मानेमागं गार व्हायचं. घरातही मी उभ्यानं भांडी घासायचे, उभ्यानं केर काढायचे. आणि ईशूला नजरेआड होऊ देत नव्हते. झोपताना तिचं मनगट माझ्या पदराला बांधायचे. शाळेची वाट उसामधून जाते म्हणून शाळा बंद केली. तिच्या बाई दोनदा येऊन गेल्या. ईशूचे वडील, माझे दीर, टोमॅटोची पिकअप चालवतात, नारायणगावच्या बाजारातून माल भरून रात्री बाहेर असतात. ते मला काही बोलले नाहीत. बोलला तो शोभाचा भाऊ, ईशूचा मामा. तो चाकणला कंपनीत आहे.

"ताई, तुमी पोरीला जपता ते कळतंय. पन असं बांधून ठिऊन ती मोठी कशी व्हनार? तुमाला न्हाई झेपत तर मी नेतो."

ईशू माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्यापुढं उरली. मी बरी झाले तर पोर माझ्याकडे राहील. नाही झाले तर जाईल.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची पण बरं वाटायचं नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा राजस्थानात, जैसलमेरच्या पलीकडे, पवनचक्क्यांच्या कंपनीत गाडी चालवायचा. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं गंमत म्हणून फोन गोल फिरवला. "बघ ताई, कसं रान हाय. कायबी नाय. माणूस येडा व्हतो इथं."

मी बघितलं. सपाट. पिवळं. एक झाड लांब. पुन्हा काही नाही. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी मान मोकळी झाली. तिथं लपायला जागाच नव्हती.

"मला यायचंय तिकडं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. भावानं फोन फिरवायचा थांबवला. मागं आमच्या ह्यांनी जेवता जेवता मान वर केली.

ऊस नुकताच तुटला होता, बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायचं होतं, गुरं होती. ह्यांना येता येईना, भावाला रजा मिळेना. सगळे म्हणाले, थांब थोडी. मी थांबले नाही. ईशूला सासूबाईंच्या ताब्यात दिलं. ती विचारत होती, "मोठी आई, कवा येनार?" मी म्हणाले, "बरी झाले की." तिनं मान हलवली, जसं काही मी दळणाला चालले होते.

ह्यांनी पुण्यापर्यंत सोबत केली. एसटी मंचर सोडून पुढं आली, पेठ गेलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस कमी होत गेला ते मी खिडकीतून बघत होते. स्टेशनवर ह्यांनी मला डब्यात बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "जरा लक्ष ठेवा, ही बोलत नाही फार." गाडी हलली तेव्हा ते फलाटावर थोडं चालले. मी जन्मात एकटी मंचरच्या पुढे गेले नव्हते.

गुजरात झालं, सकाळी खिडकीबाहेर झाडं बुटकी व्हायला लागली. जोधपूरला गाडी बदलली. विचारताना माझा घसा सुकायचा, पण टीव्हीवरची हिंदी कामी आली. पुढची गाडी जवळजवळ रिकामी होती. खिडकीतून बारीक वाळू आत येत होती, दातांत कचकच, पदरात वाळू, डब्यातल्या चपातीवर वाळू. जैसलमेरहून बस. बसवाल्यानं एका फाट्यावर उतरवलं आणि डाव्या हाताला बोट दाखवून निघून गेला. भाऊ घ्यायला येणार होता. आला नाही. फोन लागेना. नंतर कळलं, त्याची गाडी कुठं तरी वाळूत रुतली होती.

मी फाट्यावर उभी. ऊन थंडीतलं, सोसण्यासारखं. एक डांबरी पट्टी समोर जाते आणि बारीक होत संपते. दोन्ही अंगाला नुसतं रान. मी पिशवी उघडली, खिळ्यांचा पट्टा काढला, गळ्यात बांधला आणि चालायला लागले. हे मी विचार करून केलं नाही. आमच्याकडे रस्त्यावर एकटं निघायचं म्हटलं की हात आपोआप तिकडेच जातो.

आधी मोठ्यानं बोलत चालले. काय बोलत होते? शोभाचंच. अगं हे बघ, इथं रुई आहे, आपल्या बांधावर असते तशीच. हे बघ, पवनचक्की केवढी, आपल्या देवळाच्या कळसावर कळस ठेवत गेलं तरी पुरायचं नाही. थोड्या वेळानं माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना. मी गप्प झाले. वारा होता आणि पंख्यांचा लांबून येणारा हुऽऽ असा आवाज. बाकी काही नाही. मी मागं वळून बघितलं. रस्ता. उजवीकडे बघितलं, डावीकडे. मी मधेच थांबून गोल फिरले. लेकरं फिरतात तशी. कुणी नव्हतं, आणि कुणी नाही हे दिसत होतं. आमच्याकडे कुणी नाही असं नुसतं वाटतं.

मग समोर एक ठिपका आला. तो कितीतरी वेळ ठिपकाच होता. मग त्याला उंची आली, मग चार पाय, मग कळलं की उंट आहे आणि वर माणूस. माझी छाती धडधडली, पण धडधडून धडधडून ती कंटाळली, तरी तो आला नव्हता. शेवटी जवळ आला तोवर माझ्याकडे भीती शिल्लकच नव्हती. त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि हात जोडून पुढं गेला.

त्या रस्त्यावर एका जागी मी खाली बसले. रस्त्याच्या कडेला, वाळूत, उकिडवी. मान खाली घातली. आणि तशीच बसून राहिले, मानेमागं गार होण्याची वाट बघत. झालं नाही. मग रडू आलं. शोभासाठी मी तोपर्यंत नीट रडले नव्हते, कारण रडायला वाकावं लागतं.

भाऊ उशिरा आला, गाडीतून उतरला आणि पहिलं म्हणाला, "ताई, काढ ते गळ्यातलं. लोक काय म्हणतील?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. काढू नकोस. तुला वाटंल तवा काढ."

तो आणि भावजय ज्या घरात भाड्यानं राहायचे त्या घरच्या म्हातारीला सगळे दादीसा म्हणत. तोंडात दात नाहीत, हातभर चुडा. तिनं तो पट्टा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि भावजयीला विचारलं, "ये थारे यहाँ का गहना है?" भावजय हसायला लागली. मलाही हसू आलं. मग भावजयीनं तिला सगळं सांगितलं आणि म्हातारीचं हसू गेलं.

तिकडे भांडी वाळूनं घासतात. पहिल्या सकाळी मी अंगणाबाहेर भांड्यांचा ढीग घेऊन गेले आणि सवयीनं उभ्यानं घासायला लागले, मधेमधे उलथनं ताटावर आपटत, हाऽड हाऽड करत. दादीसा उंबऱ्यात बसली होती. "किसने भगावे है? बर्तन ने?" कुणाला हाकलतेस, भांड्यांना, असं ती विचारत होती. मी थांबले. ती उठली, माझा हात धरला आणि मला घराभोवती फिरवलं. वाळूवर पावलं होती. ही लोमडी, म्हणाली, आली, इथं थांबली, तिकडे गेली. ही बिल्ली. हा किडा, बघ कशी शिवण घातलीय. ही मी, रात्री उठले होते. आणि मग बोळक्या तोंडानं म्हणाली, "अब तू ढूँढ ले थारो बाघ."

मी खरंच शोधला. पदर खोचून, घराला चक्कर मारून, लांबपर्यंत. जे जे रात्री चाललं होतं ते सगळं वाळूनं ठेवलं होतं. तो नव्हता. मी परत आले, खाली बसले आणि भांडी घासली.

तिथं मी दुपारी झाडाखाली झोपायचे, गोळी न घेता. रोज थोडं लांब चालायचे, एकटी. घर पाठीमागं लहान होत जायचं आणि मी त्याला बोटानं झाकून बघायचे. परत फिरायचं मन होत नसे. एकदा दादीसाला म्हणाले, "तुम्ही नशीबवान. तुमच्याकडे वाघ नाही."  ती म्हणाली, इथं आंधी असते, वाळूचं वादळ. तिचा मधला मुलगा शेळ्या घेऊन गेला होता, आंधी आली, शेळ्या परत आल्या. "रेत सब दिखावे है," म्हणाली, "और फिर सब मिटावे है." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग आम्ही दोघी बाजरीच्या भाकरी करायला बसलो.

मला तिथून वाळू आणायची होती. एका डब्यात थोडी आणलीसुद्धा. घरी सासूबाईंना ती रांगोळीत मिसळायची वाटली आणि त्यांनी ती उंबऱ्यावर टाकून दिली. असो.

मी बरी होऊन आले. हे खोटं नाही. खोडवा तेव्हा घोट्याएवढा होता. मी वाकून खुरपत होते, गाणं न लावता. ईशू शाळेत जायला लागली. बंधाऱ्यापर्यंत मी सोबत, पुढं तिच्या मैत्रिणी. दीर म्हणाले, "वहिनी, लई बरं केलंत जाऊन." मामाचा फोन आला की मी स्वतः उचलायचे.

मग पाऊस, मग युरिया, आणि ऊस वाढला. त्याला काय, तो वाढणारच. गुडघ्याला आला, कमरेला आला, एक दिवस बांधावरून चालताना मला ईशूचं दप्तर दिसेना. दप्तर पुढंच होतं, पातीआड. माझी मान गार झाली. मी डोळे मिटून तो रस्ता आठवला, ठिपका, उंट. आठवला. पण डोळे उघडले की ऊसच. मी थोडंसंच वाळवंट आणलं होतं. ते पावसापर्यंत पुरलं.

शेजारच्यांचं वासरू गेलं. पुन्हा पिंजरा आला. पिंजरा लावायला आलेल्या माणसाला मी विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला विचारलं, "हा धरला की थांबंल का?" तो पिंजऱ्याची कडी बघत म्हणाला, "मावशी, खोटं कशाला बोलू. एक धरला की दुसरा येतो. ऊस हाय तोवर हाय."

ऊस आमच्या पोटाचा आहे. ऊस नको म्हणायला मी कोण?

त्या आठवड्यात मी ईशूचं मनगट पुन्हा पदराला बांधलं नाही. हात जात होता. मी तो उशीखाली दाबून ठेवायचे. ती झोपेत कूस बदलायची आणि मी तिच्या मानेकडे बघत बसायचे, इतकी बारीक मान. मला कळत होतं की मी तिला बांधून ठेवू शकते किंवा सोडून देऊ शकते, सांभाळू शकत नाही. बरी होऊन एवढं एकच मला दिसायला लागलं होतं. आधी दिसत नव्हतं तेच बरं होतं का? मी मामाला फोन केला.

तो दिवाळीनंतर आला. ईशूच्या बॅगेत मी कपडे भरले, शेंगदाण्याचे लाडू भरले. दीर गाडीला टेकून उभे होते, पायानं माती उकरत. ईशू बॅगेवर बसली आणि उठेना.

"मोठी आई, तू बरी व्हायला गेली व्हतीस ना?"

"हो."

"मग झालीस ना बरी?"

"झाले."

"मग मला कशाला धाडती?"

मामा दुसरीकडे बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "गप गं, मोठ्या शाळंत जायाचंय तुला." मी काही बोलले नाही. शोभा असती तर माझ्या वाटचं बोलली असती. पोरीला काय सांगावं ते तिला सुचलं असतं, वर एक विनोद करून तिला हसवूनही पाठवलं असतं. मी ईशूच्या केसांची क्लिप काढली आणि पुन्हा लावली. ती गाडीत बसली ती काच वर करून. गाडी उसातून गेली, दोन वळणं, आणि दिसेनाशी झाली.

पहिले काही दिवस ती फोनवर आली नाही. मामी सांगायची, "खेळायला गेलीय," आणि मागून तिचा श्वास ऐकू यायचा. मी फोन ठेवत नसे. तीही लांब जात नसे. काल मात्र तिनंच लावला. शाळेचं सांगितलं, बाईंचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं. चौथा मजला आहे मामाचा. मला एवढ्यातच बरं वाटलं होतं म्हणून मी विचारलं, "ईशू, तिथनं लांबचं दिसतं का गं?"

"कुठं. समोर दुसरी बिल्डिंग हाय."

"बरं."

"पन मोठी आई, मी रात्री खिडकी उघडी टाकून झोपते. सगळी. मामी ओरडती, डास येत्यात म्हनून."

आमच्याकडे ऊस उभा असला की दिवस मावळायच्या आत खिडक्या लागतात. मी भिंतीला टेकले.

"येऊ देत डास," मी म्हणाले.